दाराबाहेरच्या चपला

टक्. भाताच्या कुकरचं बटण वर उडालं.

कलेनानं मान वर केली. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती ती, केव्हाही उठून पळता येईल अशी. मघाशी दाराशीही ती अशीच घुटमळली होती.

"आंटी, चपला आत आणू?"

"आत?" नोहेआ हसली होती. "माझी आजी असती तर कानच उपटला असता तुझा. ठेव बाहेर."

मग कलेनानं पायातल्या रबरी चपला घाईघाईनं झटकल्या होत्या. एक भिंतीकडे गेली, दुसरी उलटी पडली.

नोहेआ हिलो गावातल्या या लहान मुलांच्या शाळेत समुपदेशक होती. मुलांच्या लेखी नुसती आंटी. पोटात काही गेल्याशिवाय मूल तोंड उघडत नाही, हे तिला घरच्या दोन पोरांनी शिकवलं होतं. म्हणून कपाटावर कुकर. तिनं झाकण उघडलं तशी एवढीशी खोली वाफेनं भरली. तिनं खिडकीच्या काचपट्ट्या उघडल्या आणि वाडगा भरला.

"हा भात शाळेतल्या बाईंसाठी आहे ना?"

"बाई जाड झाल्यात. तू खा." तिनं वाडगा कलेनापुढे ठेवला. "आपलं ठरलेलं आठवतंय? इथलं बोलणं इथेच. पण कुणाला दुखापत होत असेल, तर मला सांगावं लागतं."

कलेना बराच वेळ एकच घास चावत राहिली.

"काईची बोटं," ती भाताकडे बघत म्हणाली, "दारात सापडली नाहीत. अंकलनं त्याचा हात धरून ठेवला. मग दार लावलं."

काई तिचा भाऊ, चार वर्षांचा. अंकल म्हणजे आईबरोबर राहणारा माणूस, नात्यातला नव्हे. हात दारात सापडला, असं सगळ्यांना सांगितलं होतं; नोहेआलाही. तिच्या स्वतःच्या धाकट्या पोराची बोटंही एवढीशीच होती. झोपताना तो ती तिच्या केसांत अडकवून ठेवायचा.

"आत्ता काई कुठे आहे?"

"घरी. टीव्हीसमोर. आई हॉटेलात कामावर. अंकल ट्रक घेऊन मला न्यायला येतो तेव्हा त्याला सांगून येतो, हलायचं नाही."

नोहेआनं तिथूनच फोन लावला. मुलांची काळजी घेणाऱ्या खात्यातल्या बाईला पत्ता सांगितला, काईचं नाव सांगितलं. पोलिसांना घेऊन आमची माणसं निघतायत, ती बाई म्हणाली.

"मी बोलले ते अंकलला कळेल?"

"नाही कळणार. कोण बोललं ते आम्ही कुणालाच सांगत नाही." नोहेआनं तिचा हात हातात घेतला. "आज तू त्याच्याबरोबर जायचं नाहीस. चल, आपण ऑफिसात बसू."

तिनं दार उघडलं. कलेना उंबऱ्यातच थांबली.

पायपुसण्यावर चपला शेजारी शेजारी होत्या. सरळ, पुढची टोकं बाहेरच्या बाजूला, पाय घालून लगेच निघता यावं अशा.

"लावल्यास की तुझ्या चपला नीट," नोहेआ म्हणाली.

"मी नाही लावल्या." कलेनानं पाय मागे घेतला. "अंकल लावतो. आईच्या पण अशाच लावतो."

नोहेआनं वळून खिडकीकडे पाहिलं. उघड्या काचपट्ट्यांमधून भाताची वाफ अजून व्हरांड्यात चालली होती.

पलीकडे, गाड्या लावायच्या जागेत, एक ट्रक सुरू झाला. फाटकाशी न थांबता रस्त्याला लागला.

आवाज पार दूर जाईपर्यंत कलेना ऐकत राहिली. मग तिनं नोहेआचं बोट घट्ट धरलं.

"आंटी, आमच्या घरी आधी कोण पोचेल?"