स्टुलावरच्या राज्यपाल

मंत्रिमंडळ विस्ताराची नुसती कुणकुण लागली, की कोपरच्या घरात आमदार देवरामांची बायको शालन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढून राज्यपाल व्हायची. वरून भारदस्त आवाजात म्हणायची, “मी...” आणि खाली नवं जाकीट घातलेले देवराम पुढची शपथ म्हणायचे. ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ म्हणताना जीभ हमखास अडखळायची. ती ओरडायची, “अहो, नीट म्हणा! अख्खी डोंबिवली बघत असणार टीव्हीवर.” मग पुन्हा पहिल्यापासून, “मी...” तीन विस्तार झाले, तिन्ही वेळा यादीतून नाव गळलं. मग शालन आजारपणात गेली. चौथ्या खेपेला मात्र सकाळीच फोन आला. दुपारी कोपरला ताशे वाजत असताना देवराम राजभवनात माईकसमोर उभे राहिले. राज्यपाल म्हणाले, “मी...” देवरामांची नजर सवयीने हातभर वर गेली. पुढे दृढकथनापाशी ते अडखळले आणि क्षणभर थांबले. वरून कुणीच ओरडलं नाही.