लाइट गेली तर

'रक्ताची पिशवी दिली' अशी नोंद सेव्ह करून ऋजुताने लगेच कॉम्प्युटरचा प्लग उपटला. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर सोडण्याआधी ती दर वेळी हेच करायची.

"मॅडम, नवी आवृत्ती काल देणार होतात." फोनवर तालुक्याच्या रक्तपेढीतले गवाणकर तडकले होते. "फुकट देता म्हणून आम्ही नुसती वाटच बघायची का?"

रक्तपेढ्यांसाठीचं हे सॉफ्टवेअर ती नोकरी सांभाळून, हौसेने बनवत होती. तिने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. दिलेली पिशवी अजून साठ्यातच दिसत होती.

"हो, वाट बघायची," ती म्हणाली. "आत्ताच प्लग उपटून बघितलं. लाइट गेली की शेवटची नोंद पुसली जातेय. फ्रिजमध्ये नसलेलं रक्त तुम्ही पेशंटला कबूल करून बसाल. हे सुधारल्याशिवाय मी देणार नाही, कितीही चिडा."



"मग सुधारलं की आधी आमच्याकडे पाठवा. जास्तीच्या कॉम्प्युटरवर मी स्वतः तपासतो," गवाणकर म्हणाले. "आमच्याकडे प्लग उपटावा लागत नाही."