भोंग्यानंतर

रग्बीच्या सामन्याची वेळ संपल्याचा भोंगा वाजला होता. आम्ही पुढे होतो, पेनल्टीही आमचीच होती. आता मी चेंडू मैदानाबाहेर मारला, की सामना खलास. समोर त्यांची कॅप्टन गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती.

“मार ना बाहेर,” ती इंग्रजीत म्हणाली. “माझ्या पोरींत जीव नाही उरला.”

गेल्या वर्षी भोंग्यानंतर चेंडू तिच्याकडे होता आणि जीव आमच्यात उरला नव्हता. तेव्हा ही बया हसली होती. एक बोट वर करून “अजून एक!” म्हणाली आणि खेळत राहिली. त्या एकात आमच्या वैजूचा खांदा कायमचा गेला. भारताची कॅप्टन होती वैजू. तिची कॅप्टनकी माझ्याकडे आली ती अशी.

आज वैजू रेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती. निर्णय कॅप्टनचा असतो, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं.

तिने हातातली बाटली खाली ठेवली. मोडका हात जेमतेम खांद्यापर्यंत वर आला. त्याच हाताचं एक बोट तिने ताठ केलं.

खेळ चालू ठेवायला मी चेंडूला नुसता पाय लावला, तो छातीशी धरला आणि सरळ त्यांच्या कॅप्टनच्या अंगावर धावले.