चावलेली पानं

परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी पानन् पान चाळूनच कपाटात ठेवतो. ग्रंथालयातली वीस वर्षांची सवय! आणि हे एकच भिकार पुस्तक दर वेळी चावलेलं परत येतं. दर वेळी नव्या पानाचा कोपरा दातांनी तोडलेला असतो, आणि चाव्याच्या मधोमध एका पडलेल्या दाताएवढी कागदाची पट्टी तशीच राहिलेली असते.

"आ करा!" मी काउंटरवरच वाचकांवर ओरडायला लागलो. सगळ्यांचे दात शाबूत. वर दात काढून मलाच सांगतात, "साहेब, एकदा वाचून तर बघा!"

काय वाचायचं? त्यात एक यजमान स्वतःचे कान कापून पाहुण्यांना वाढतो आणि विचारतो, "मीठ बरोबर आहे ना?" आणि असल्या घाणीसाठी लोक रांग लावतात! माझं डोकंच फिरलं. आज सुट्टी, म्हणून काल पुस्तक घरी आणलं. म्हटलं, बघूच काय सोनं लागलंय याला, आणि सकाळीच वाचायला बसलो.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "एकटेच काय खिदळताय?"

"मी कुठे हसतोय?" मी खेकसलो.

ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

"अहो, काय चघळताय? आणि पुढचा दात कधी पडला तुमचा?"