पाच मंगळवार

कचेरीतल्या पडद्यावरच्या नकाशात जयाबाईंची विहीर निळीशार दिसत होती. बेळगाव शहर बहुतेक लाल, नव्या वसाहती तर काळपट लाल, आणि काकतीपलीकडचं त्यांचं गाव तेवढं निळं.

"लाल म्हणजे जमिनीतलं पाणी संपत आलंय, निळं म्हणजे भरपूर," पाणी योजनेचे इंजिनिअर आशिष समजावून सांगत होते. "म्हणून शहरासाठी तुमच्याकडं सहा बोअर मारायचे. हे मी ठरवलेलं नाही, मावशी. कॉम्प्युटरमध्ये विहिरींची मोजमापं घातली की पुढच्या तीस वर्षांचं पाणी कळतं."

विहिरीपासून पन्नास पावलांवर सहा बोअर बसले, तर तिच्यात बेडूकसुद्धा राहणार नव्हता. जयाबाईंची मेथी-कोथिंबीर तिच्यावर पिकायची. आठ घरं तिचंच पाणी पीत होती.

"माझ्या हिरीत भरपूर? संध्याकाळी तळ दिसतोय की हो, साहेब!"

"पाच वेळा मोजलंय." आशिषनी छापील तक्ता पुढं केला. "पाचही वेळा पाणी वरच."

शेजारी बसलेली पुतणी दिपाली शहरात बँकेत नोकरीला होती. तिनं तारखांवर बोट फिरवलं, मोबाईलमधलं कॅलेंडर उघडून बघितलं आणि हळूच म्हणाली, "काकू, पाचीबी मंगळवार हाईत."

जयाबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लक्ष्मीच्या यात्रेआधी गावानं पाच मंगळवार वार पाळला होता. त्या दिवशी शेतात पाऊल टाकायचं नाही, औत धरायचं नाही, पंप चालू करायचा नाही. सगळं गाव घरी. मोजणीवाला आधी दोनदा येऊन दाराची कुलपं बघून परत गेला होता. त्याची दया येऊन त्यांनीच सांगितलं होतं, मंगळवारी ये बाबा, आम्ही घरात असतो. वर चहाही पाजला होता. आता त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"अवं, त्या दिशी साऱ्या गावाचं पंप बंद हुतं! रातभर, दीसभर झऱ्याचं पाणी साठलं, त्येच मोजलासा. बुधवारी येऊन बघा. न्हायतर आत्ता चला!"

आशिषना चूक कळली होती, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी तक्ता घडी करून फायलीत ठेवला.

"अहवाल वर गेलाय, मावशी. आता आकडे बदलता येत नाहीत. तुमची हरकत नोंदवून घेतो."

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं कानडीत एक ओळ खरडली आणि कागद सरकवला. "इथं सही."

"काय लिवलंय गं त्यात?"

दिपालीनं ओळ दोनदा वाचली. तिचे कान तापले. "गावाचा विरोध हाय, असं लिवलंय. धार्मिक कारणासाठी."

जयाबाई उठून उभ्या राहिल्या. कागद त्यांनी टेबलावर पालथा घातला.

"देवीच्या नावानं हिरीला एक दीस इसावा दिला आम्ही," त्या आशिषना म्हणाल्या. "तर तेवढ्यात तुम्ही तिला शहराच्या नावावर केलासा."