अर्धा कोयता

"ही ऊसतोड माझी न्हाई," पंडित म्हणाला आणि त्यानं कानावरचा हेडफोन काढून पोराच्या हातात दिला.

सुरजचं तोंड उतरलं. तीन दिवस तो माइक घेऊन बापाच्या मागं तेलगावजवळच्या फडात हिंडला होता. उसाच्या पात्यांनी हात चिरले, टोळीतल्या बाया "बापाची मुलाखत घ्यायलास का रं?" म्हणून फिदीफिदी हसल्या. हे सगळं आईसाठी चाललं होतं.

सत्यशीलाला जाऊन दीड वर्ष झालं होतं. सुरजच्या फोनमध्ये तिचे फोटो ढीगभर, आवाज मात्र एकही नाही. हल्ली तिचा आवाज त्याला आठवेनासा झाला होता आणि त्याची त्याला फार भीती वाटायची. मग शहरात साउंडचा कोर्स करताना त्यानं एक अल्बम ऐकला. हेडफोन लावला की भोवती एक घरच उभं राहायचं. मागं कुणी भांडी घासतंय, उजवीकडून पावलं येताहेत, कानाशी कुणी श्वास घेतंय. सुरजनं दोनदा वळून पाहिलं. असं असेल तर आपणही आवाजांतून आईचा फड उभा करू, असं त्यानं तिथंच ठरवलं.

गाडीच्या बैलांच्या घुंगुरमाळा मिळाल्या, उसाच्या वाळल्या पाचटाची सळसळ मिळाली. बापाचा कोयता तेवढा जमेना. एक घाव, मग नुसती मोकळी जागा, मग दुसरा घाव. अण्णा थकले, असं समजून त्यानं लॅपटॉपवर मधल्या जागा कापल्या आणि घावाला घाव जोडला. तोड कशी झकास वाटायला लागली!

"तुमचाच कोयता हाय, अण्णा," तो म्हणाला. "मधी तुमी थांबत होता, तेवढं काढलं."

पंडित कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवत राहिला. फडात नवरा-बायकोची जोडी हिशेबात एक कोयता धरतात. सत्यशीला गेल्यापासून टोळीचा मुकादम त्याला अर्धा कोयता म्हणायचा.

"थांबत न्हवतो," तो म्हणाला. "बावीस वर्सं माझ्या घावामागं डाव्या अंगाला तिचा घाव पडायचा. आजून बी पडतो. त्योच काढलास तू."

बाभळीखाली बसून, डोळे पुसत, सुरजनं एकेक जागा होती तशी परत ठेवली. बापाचा कोयता उजव्या कानात नेला, डावा कान रिकामा सोडला. मग हेडफोन बापाला दिला.

पंडितनं डोळे मिटले. पहिला घाव पडला, मागून ती जागा आली, आणि तो बसल्या जागीच हातभर उजवीकडं सरकला, तिला कोयता चालवायला अडचण नको म्हणून.