आधी माझी खाट

माझी खाट टेम्पोत चढत होती, तेवढ्यात मुलगा आडवा आला. “आई, या इमारतीत नको.”

चाव्या वाटण्याआधी महिनाभर नव्या इमारतीत मी राहायचं, ही आमच्या कंपनीची रीत. लोक सिमेंट बघत नाहीत, माझी खाट बघून घरं घेतात.

“का रे साहेब, लिफ्टमध्ये भूत बसलंय?”

तो मान खाली घालून म्हणाला, “लोखंड कमी घातलंय. नाहीतर कंपनी बुडाली असती.”

“आणि आतली चाळीस बिऱ्हाडं गाडली गेली असती तर?”

त्याने खाटेचा पाय घट्ट धरून ठेवला.

“पाडायची इमारत.”

“मग कंपनी संपली, आई.”

मी हमालांना खाट उतरवायला सांगितली, मग आमच्या फाटकावरची कंपनीची पाटी. तिच्यावर माझं नाव होतं. त्याच अक्षरांवर बोट फिरवून मी वाचायला शिकले होते.